अस्तर लावायच्या आधी

सांगून कुणाला खरं वाटायचं नाही, पण या पितळी टोपीत एक अख्खं वर्ष मावलेलं आहे... हे वाक्य त्यानं पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं, ‘अख्खं’ काढून टाकलं, परत घातलं. टोपी म्हणजे अंगुस्तान – सुईचं बूड बोटात रुतू नये म्हणून शिवणारी माणसं मधल्या बोटात घालतात ते. उंचीला जेमतेम अर्धा इंच, आणि बायकोच्या बोटाचं असल्यामुळं त्याच्या फक्त करंगळीत जाणारं. अंगावर टाचणीच्या डोक्याएवढ्या खळग्यांच्या ओळी, आणि एका बाजूला त्या झिजून झिजून नुसता गुळगुळीत डाग उरलेला – म्हणजे एवढ्या वर्षांत सुई नेमकी इथंच टेकत आली. खिडकीतल्या उजेडात करंगळी फिरवली की डाग चमकायचा, मग विझायचा. दुपारी वर्गात सुरुवात इथूनच करायची. करंगळी वर धरायची, बायकांना हसू द्यायचं, मग आवाज खाली आणून म्हणायचं, सांगून कुणाला खरं वाटायचं नाही...

आणि खरं वाटायचंच. तेच तर नवल होतं. जन्मभर त्यानं इतक्या थापा मारल्या की लोक त्याच्याकडून दुसऱ्या कशाची अपेक्षाच करेनासे झाले. एकदा एवढी मोठी गोधडी आखली की तिच्या दुसऱ्या टोकाला टाका घालायचा तर बसनं जावं लागायचं. एका गोधडीत चुकून गजराचं घड्याळ शिवलं गेलं, ती पांघरणारा माणूस बारा वर्षं रोज पाचला उठत होता आणि लोक त्याला शिस्तीचा म्हणत होते. या गोष्टींवर कुणी विश्वास ठेवला नाही, कुणी ठेवावा असं त्यालाही वाटलं नाही. पण गेल्या वर्षभरात जी एकच गोष्ट त्यानं हात न हलवता, डोळे न मिचकावता, अगदी साध्या आवाजात सांगितली, ती मात्र सगळ्यांनी जशीच्या तशी उचलली, कागदावरून कागदावर नेली, कुठल्या कुठल्या गावी नेली. खोटी होती तरी. खोटी होती म्हणून नव्हे, पण... असो. आज शेवटचा वर्ग. आज अस्तर लागायचं होतं.

चौतीस वर्षं तो एका कचेरीत पाण्याच्या नळांचे नकाशे काढत होता. जमिनीखालचं, कुणाला कधी न दिसणारं सगळं कागदावर निळ्या रेघांनी. आणि त्याच कागदांच्या पाठीवर, साहेब बाहेर गेले की, चौकोन, त्रिकोण, षटकोन. गोधड्यांचे नमुने. शिवायची बायको. हे इतकं सरळ होतं की त्याचा कधी विचारच करावा लागला नाही – माझी पेन्सिल, तिची सुई. चौकटीच्या कागदावर तो आकडे घालायचा, एक म्हणजे सर्वांत उजळ, नऊ म्हणजे सर्वांत गडद, आणि ती जुने शर्ट, पडदे, उशांचे अभ्रे, मुलीचे शाळेचे गणवेश समोर पसरून त्यातून बरोबर ‘चार’ काढायची. “चार म्हणजे तुमच्या कचेरीतल्या शर्टाची पाठ,” म्हणायची, “समोरची बाजू पाच. तिथं खिशामुळं ऊन लागत नाही.” हे कुठल्याच नकाशात नसतं.

त्यातला ‘कवडसा’ हा नमुना सगळ्यांत साधा. एकोणीस आडवे, एकोणीस उभे, चार इंची चौकोन, आणि त्यांच्या छटा अशा की वरच्या डाव्या कोपऱ्यातून उन्हाचा एक तुकडा तिरपा खाली उतरत उतरत विझतो. बायको गेल्यावर त्यानं हाच नमुना वाटायला घेतला. वाचनालयाच्या माडीवर दर बुधवारी वर्ग, आणि वर्गाला येणं जमत नाही त्यांना टपालानं कागद, फुकट. कागदाच्या पुढच्या बाजूला चौकटी आणि आकडे. मागच्या बाजूला चार ओळी – ‘माझ्या पत्नीनं आजारपणाच्या वर्षात ही गोधडी रोज एक चौकोन याप्रमाणे जोडली. एकूण तीनशे एकसष्ट चौकोन. चार दिवस ताप होता.’

ते ‘चार दिवस ताप होता’ लिहिलं तेव्हा त्याला स्वतःचाच हेवा वाटला होता. सगळं तंतोतंत जुळलं की लोकांना संशय येतो. चार दिवस कमी पडायलाच हवेत.

फोन वाजला. मुलगी. लांब राहते, रोज याच वेळी करते, चहाचा घोट घेत बोलते.

“बाबा, आज वर्गाच्या पुस्तिकेचं फायनल ना? आईचं नीट लिहिलंत ना?”

“लिहिलंय तेच आहे.”

“त्यात ते घाला की, मी आले होते तेव्हा ती खिडकीत बसून शिवत होती. मी बघितलंय डोळ्यांनी. मांडीवर गोधडी, हातात सुई. मी म्हटलं आई, पड जरा, तर म्हणाली, एवढा चौकोन होऊ दे.”

“हं.”

“हं काय? घालणार ना?”

“जागा नाही गं. पान भरलंय.”

“तुमच्या थापांना बरी जागा असते,” मुलगी हसली, मग म्हणाली, “जेवला का नीट काल?”

फोन ठेवल्यावर त्यानं टोपी करंगळीतून काढली. निघता निघेना. डोळ्यांनी बघितलंय... हो, बघितलंस. मांडीवर गोधडी, हातात सुई. सुईत दोरा होता का ते बघायला उठून जवळ जावं लागलं असतं, आणि उठून जवळ कुणीच गेलं नाही. मी तर त्याच खोलीत होतो.

दोरा नव्हता. वर्षभर नव्हता.

डॉक्टरांनी एक वर्ष म्हणून सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कपाटातून ‘कवडसा’ काढला. बावीस वर्षांपूर्वी शिवलेला, तेव्हापासून कुणी न पांघरलेला. काठाची पट्टी सोडवली, मग वरून घातलेला धावदोरा, मग अस्तर काढून घडी करून खुर्चीवर ठेवलं, मधला कापूस पिशवीत भरला. आठवडा गेला त्यात. मग चौकोन. रोज एक. सुईचं टोक टाक्याखाली घालायचं, टाका उचलायचा, दोरा न तोडता हळूच ओढून घ्यायचा, पुढचा टाका. चौकोन सुटला की तळहातानं सारखा करून बिस्किटांच्या डब्यात. तो वर्तमानपत्र धरून बसलेला... दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं होतं.

“हे काय चाललंय?”

“नुसतं बसवत नाही. हाताला काहीतरी लागतं, अहो.”

“अगं, पण चांगली गोधडी आहे ती.”

“चांगलीच आहे,” ती म्हणाली, “म्हणून तर वेळ लागेल.”

त्यानंतर त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, हीच भीती होती. का उसवते आहे हे त्याला माहीत नव्हतं अशातला भाग नव्हता. माहीत होतं, फक्त ते शब्दांत बाहेर येऊन दोघांच्या मध्ये खुर्ची ओढून बसायला नको होतं.

बावीस वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. भिंतीवर ‘कवडसा’, त्याच्याखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर त्याचं एकट्याचं नाव. कुणीतरी विचारलं, तुम्ही स्वतः शिवलंत? पुरुष माणसानं? आणि त्याच्या जिभेला जी सवय होती तिनं आपलं काम केलं – हो, कचेरीतून आलो की बसायचो, दोन वर्षं लागली. गर्दी जमली. माणसं बोटं बघायला मागू लागली. चहाच्या सुट्टीत तो मागच्या जिन्यात गेला आणि पिननं स्वतःच्या बोटांना सात-आठ जागी टोचून आला, मग ऐटीत दाखवत सुटला. आणि ती तिथंच होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. एका बाईनं तिला सहज विचारलं, तुम्हीही शिवता का हो? तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या आधी तो बोलला –

“छे हो! हिला सुईत दोरा ओवायला सांगा, दुपार जाईल.”

सगळे हसले. तीही हसली. बसमध्ये तिनं बक्षिसाची ढाल मांडीवर धरली होती आणि एवढंच म्हणाली, “मस्त झालं सगळं.” पुढं तिनं बटणं लावली, विजारींचे काठ दुमडले, मुलीच्या मुलांची झबली शिवली. गोधडी शिवली नाही. त्यानं नमुना पुढं केला की डोळ्यांचं निमित्त सांगायची. तो दुसऱ्या बायकांकडून शिवून घेऊ लागला, आणि चिठ्ठीवर त्यांची नावं न चुकता घालू लागला... हे तिनं बघितलं असेलच. बघितलं असेल ना?

तीनशे अठरा. एवढे चौकोन तिनं मोकळे केले. डब्यात छटांप्रमाणे लावलेले, एक ते नऊ, मध्ये कागदाच्या पट्ट्या. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात त्रेचाळीस अजून जोडलेले, जिथं ऊन विझतं तिथले, सगळे आठ आणि नऊ. ते तिनं ठेवले. हे त्यानं पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं – ती तिथं थांबली. शेवटचे आठ-दहा दिवस तिनं गोधडी हातातही घेतली नव्हती, उशाशी ठेवली होती. म्हणजे तिला ते पुरे वाटलं असणार. म्हणजे त्रेचाळीस माझे. दर चौकोनाला निदान एक दिवस माफ केला असं धरलं तरी... हा हिशेब तो अनेकदा करायचा आणि उत्तर येण्याच्या आधी सोडून द्यायचा.

एकाहत्तराव्या वर्षी तो शिवायला शिकला. खरोखर. बोटं खरोखर टोचली. तिनं सोडवलेले चौकोन परत त्याच जागी, त्याच क्रमानं, त्या त्रेचाळिसांच्या पुढं लावत गेला – दुसऱ्यांना रोज एक म्हणून सांगायचा आणि स्वतः कधी चार लावायचा, कधी आठवडाभर एकही नाही. आधी वाटलं, तिचीच भोकं आहेत की, त्यातूनच सुई घालू. कापडावर टाक्यांच्या जुन्या खुणा ओळीनं होत्या, बारीक, सुईच्या टोकाएवढ्या. पण त्याची सुई एका भोकात गेली की दुसरं चुकवायची, तिसऱ्यापाशी तिरकी व्हायची. मग त्यानं ते सोडलं. चौकोन कोमट पाण्यात भिजवले, तळहातावर चोळले, इस्त्री फिरवली. नव्या कापडाची भोकं अशानं मिटतात. बावीस वर्षांची मिटली नाहीत. अस्तर लागलं की दिसणार नाहीत, म्हणून अस्तराची तो वाटही बघत होता आणि दर बुधवारी ते पुढंही ढकलत होता, आज लावतो, पुढच्या खेपेला लावतो, वर्गातल्या बायका चिडवायला लागल्या होत्या.

निघताना त्यानं खोक्यातली पत्रं पाहिली. पाहायला नको होती. सर्वांत वर तेच. ‘मास्तर, तुमचं वाचून मी आईच्या हातात सुई दिली. रोज एक म्हणून ती उठून बसायला लागली होती. एकशे बाराव्या चौकोनाला ती गेली. पुढचे मी लावू का तसंच ठेवू? तुम्ही सांगाल तसं.’ या पत्राला उत्तर द्यायला त्याला नऊ दिवस लागले. ‘लावा,’ असं लिहिलं. ‘तुमचा टाका वेगळा दिसेल. दिसू द्या.’ पाकीट पेटीत टाकल्यावर हात पेटीच्या तोंडातच राहिला थोडा वेळ, जणू ओढून परत काढता येईल...

रस्ता नेहमीचा. कपडे धुणाऱ्याचं दुकान, चष्म्याचं दुकान, दातांच्या डॉक्टरांची पाटी, मग वाचनालय. हातात बोचकं – गोधडीचा वरचा थर, जुनं अस्तर, नवा कापूस. वाचनालयाच्या जिन्याखाली एक अरुंद गाळा होता, त्यात बसून एक बाई लोकांचे कपडे सैल करायची, तंग करायची, चेन बदलायची. वर्गात तिला सगळे दुरुस्तीवाली म्हणत. तीन महिन्यांपूर्वी गाळ्याला कुलूप लावून वर आली आणि मागच्या बाकावर बसली. बोलायची फार कमी. पण तिला एक खोड होती. कुठलंही कापड हातात आलं की आधी उलटं करायची. बाकीच्या बायका रंग बघायच्या, ही शिवण बघायची. त्या खोडीला तो भ्यायला होता. तीन महिने त्यानं वरचा थर तिच्यापासून दोन हात लांब ठेवला होता, हसत हसत, ‘हात धुऊन आलात का?’ म्हणत. आज गाळ्याला कुलूप होतं. म्हणजे ती वर पोचलेली होती.

वर सात बायका आणि ग्रंथपाल. ग्रंथपालांच्या हातात छापायला जायच्या पुस्तिकेची पानं. “मास्तर, एक सही करा की लगेच पाठवतो. उद्या छपाई.”

“वर्ग होऊ द्या आधी.”

“तुम्ही गेल्या बुधवारीपण हेच म्हणालात.”

“गेल्या बुधवारी मी वेगळा माणूस होतो.”

निवृत्त नर्सबाईंनी, ज्या कुणाला सोडत नसत, बाकावरूनच विचारलं, “मास्तर, ते घड्याळ शिवलेल्या गोधडीचं पुस्तिकेत आहे का? बारा वर्षं किल्ली कोण देत होतं हो त्याला?”

“बायको द्यायची. तो झोपला की कुशीतून हात घालून.”

“बरी बाई बिचारी. आमच्या ह्यांना घड्याळ शिवलं असतं तर त्यांनी घड्याळच झोपवलं असतं.”

हसले सगळे. त्यानं करंगळीत टोपी चढवली, वर धरली. सांगून कुणाला खरं वाटायचं नाही... आवाज बरोबर जागी खाली उतरला. आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, आत कुठंतरी कुणीतरी ही गोष्ट ऐकून कंटाळलं आहे. त्या वर्षात ही टोपी एकदाही तिच्या बोटात गेली नव्हती. उसवायला टोपी लागत नाही. ती खिडकीच्या फळीवर पडून होती, तिच्यावर धूळ धरली होती, आणि बायको गेल्यावर मी ती पुसली, सदऱ्याच्या टोकानं, आणि डाग चमकला...

“...रोज एक,” तो म्हणाला. “चला. अस्तर.”

टेबलावर अस्तर पसरलं, त्यावर कापूस. वरचा थर त्यानं स्वतःच टाकायचा असं ठरवलं होतं, पट्कन, एका झटक्यात. पण कापूस एकीकडे गोळा झाला, तो सारखा करायला तो वाकला, आणि तेवढ्यात नर्सबाईंनी वरचा थर उचलला. “थांबा, झटकून घेऊ, दोरे असतील.” एक कोपरा त्यांनी धरला, दुसरा कुणी धरावा म्हणून त्यांनी मागं पाहिलं, आणि मागच्या बाकावरून दुरुस्तीवाली उठून आली. दोघींनी तो खिडकीपाशी ताणून धरला. तीन वाजले होते. ऊन समोरून होतं.

जवळजवळ सगळ्या कापडभर उजेडाचे ठिपके उमटले. बारीक, एका रेषेत, प्रत्येक चौकोनाच्या चारी बाजूंनी. आणि त्यांच्या अल्याडपल्याड त्याची स्वतःची शिवण, कुठं त्या रेषेच्या आत, कुठं बाहेर, प्यायलेल्या माणसाच्या चालीसारखी.

“अगंबाई, छान दिसतंय,” कुणीतरी म्हणालं.

दुरुस्तीवालीनं कोपरा सोडला नाही. दुसऱ्या हातानं कापड उलटं केलं. अंगठा ठिपक्यांवरून सरकवत नेला.

“मास्तर, हे उसवलंय कुणी?”

“आमच्याकडे एक उंदीर होता,” तो म्हणाला, “कुठंतरी शिंप्याकडे कामाला होता आधी...” कुणी हसलं नाही. नर्सबाईसुद्धा नाहीत. त्याला एक विचित्र घाई सुटली होती, आपल्याला न वाचता येणारं पत्र दुसरं कुणीतरी वाचायला लागावं तशी.

“सांगा ना,” तो म्हणाला, “काय दिसतंय?”

“आता शिवलंय ते तुमचं आहे. इंचाला सहा टाके, कधी पाच, आणि डावीकडं कलतो तुमचा टाका. दर बुधवारी बघते मी.” ती त्याच्याकडे बघत नव्हती, कापडाकडे बघत होती. “त्याच्या आधी दुसऱ्या हाताचं होतं. इंचाला अकरा. इथून तिथपर्यंत अकराच. असा हात मी जन्मात बघितला नाही.”

अकरा. एवढ्या वर्षांत त्यानं कधी मोजले नव्हते. त्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये कुणीतरी हे म्हणायला हवं होतं, चिठ्ठीकडे न बघता, कापड उलटं करून. आणि ती पर्स धरून उभी असताना तिनं ते ऐकायला हवं होतं. आता ऐकतो आहे मी.

“आणि उसवलंय,” दुरुस्तीवाली म्हणाली, “त्याच हातानं. एकही भोक फाटलेलं नाही. परक्याला असं जमत नाही. मी दिवसभर परक्यांच्याच शिवणी उसवते, मला ठाऊक आहे.”

ग्रंथपाल पानं छातीशी धरून उभे होते. त्याला बोलायलाच हवं होतं, आणि तो बोलला, सगळं नाही, पण जन्मात पहिल्यांदा एक वाक्य कमी करून.

“तिनंच शिवली होती. पूर्वी. मी शिवली म्हणून सांगितलं. शेवटच्या वर्षी ती रोज एक चौकोन काढत होती... तीनशे अठरा काढले.”

नर्सबाईंनी हातातला कोपरा सावकाश टेबलावर टेकवला. दवाखान्यात वापरत असतील त्या आवाजात म्हणाल्या, “मास्तर, बसा जरा.”

तो बसला नाही. छातीत काहीतरी सैल झालं होतं, आणि त्या सैलपणातून त्याला एकाएकी लोभ सुटला. एवढं दिलं आहे तर एक गोष्ट आपल्याला ठेवता येईल. तो वाकून कापडाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यापाशी गेला, तिथं ठिपके नव्हते, तिथं कापड सलग गडद होतं, आणि त्यानं तळहात त्यावर ठेवला.

“पण हे त्रेचाळीस बघा. हे तिनं ठेवले. इथं तिला पुरे वाटलं. इथं ती आपणहून थांबली.”

दुरुस्तीवाली जवळ आली. त्याचा हात तिनं मनगटाला धरून बाजूला केला, हळू, लहान मुलाचा करावा तसा, आणि कोपरा उलटा केला. बराच वेळ बघत राहिली. मग आतल्या शिवणीतून, जिथं त्याचा पहिला टाका बायकोच्या शेवटच्या टाक्यावर चढला होता तिथून, नखानं काहीतरी बाहेर काढलं. दोऱ्याचं टोक. बोटभर लांब, पिवळं पडलेलं. ते त्यानं पूर्वी पाहिलंच नव्हतं असं नाही. सुटा धागा आहे म्हणून त्यानं आत ढकललं होतं, आणि वरून सहा टाके घातले होते, सगळ्यांत जवळ जवळ घातलेले सहा.

“ही शिवण अर्धी काढलेली आहे, मास्तर,” ती म्हणाली. “पुढं कुठून धरायचं ते सापडावं म्हणून टोक बाहेर काढून ठेवतो आम्ही. उद्या पुढचं करायचं असतं तेव्हा.” तिनं टोक त्याच्या तळहातावर ठेवलं, दुसऱ्या बाजूनं ते अजून कापडातच होतं. “खोटं कशाला सांगता? थांबली नव्हती ती.”